जहाजावरचं हाय व्होल्टेज: ४४० व्होल्टच्या सवयीतून होणाऱ्या या चुका टाळा

जहाजावर १००० व्होल्टच्या पुढे गेलं की हाय व्होल्टेज. एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१० च्या मनिला दुरुस्त्यांमध्ये याचं प्रशिक्षण आलं. तरी ६.६ केव्हीच्या (६६०० व्होल्टच्या) बोर्डासमोर उभं राहिल्यावर हात चालतात ते ४४० व्होल्टच्या सवयीनेच, आणि मला खरी भीती याच सवयीची वाटते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ब्रेकर उघडला की लाईन मेली असं समजणं. ब्रेकर रॅक आऊट करा, म्हणजे जोडणीतून बाहेर ओढा, कुलूप लावा, किल्ली स्वतःजवळ ठेवा, टॅग अडकवा. एवढं करूनही ती लाईन जिवंतच आहे असं धरून चाला. आधी ६.६ केव्हीला चालणारा टेस्टर प्रूव्हिंग युनिटवर (टेस्टर नीट चालतो का ते दाखवणाऱ्या उपकरणावर) तपासा, मग तिन्ही फेज तपासा आणि टेस्टर पुन्हा प्रूव्हिंग युनिटवर लावा. घाईत नेमकी ही शेवटची तपासणी राहते. टेस्टर मधेच बिघडला असेल, तर त्याचं ‘डेड’ काय कामाचं? नंतर अर्थिंग करा, म्हणजे लाईन अर्थला जोडा. अर्थ लागेपर्यंत कोणीही हात लावायचा नाही, चीफ इंजिनिअरनेसुद्धा नाही.

दुसरी चूक मेगर करताना, म्हणजे इन्सुलेशन तपासताना होते. अर्थ लावलेल्या केबलचा इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजता येत नाही, म्हणून अर्थ काढावा लागतो. पण परमिट टू वर्क (कामाची लेखी परवानगी) दिलेलं असतं ते अर्थ लागलेला आहे या भरवशावर. अशा वेळी ते परमिट परत करून सँक्शन फॉर टेस्ट, म्हणजे चाचणीची वेगळी परवानगी, घ्यायला हवी. त्याच परमिटवर अर्थ काढला, तर पलीकडे मोटरच्या टर्मिनल बॉक्सशी बसलेल्या सहकाऱ्याला पत्ताच नसतो. ५००० व्होल्ट डीसीने मेगर झाल्यावर लांब केबलमध्ये चार्ज साठून राहतो. टेस्ट जितका वेळ चालली, त्याच्या किमान चौपट वेळ डिस्चार्जला द्या. इन्सुलेशनची १० मिनिटांची पीआय (पोलरायझेशन इंडेक्स) टेस्ट केली असेल तर ४० मिनिटं.

हातमोजे क्लास ० चे असतील तर ते १००० व्होल्टपर्यंतच चालतात. योग्य क्लासचे घ्या आणि दर वेळी हवा भरून, दाबून बघा. सुईएवढ्या भोकातूनही हवा सुटते.

जहाजाचा पुढचा भाग आडवा ढकलणाऱ्या बो थ्रस्टरची मोटर बंद झाली की आतला, ओल धरू न देणारा अँटी-कंडेन्सेशन हीटर आपोआप चालू होतो. त्याचा सप्लाय वेगळा असतो, ६.६ केव्हीच्या ब्रेकरशी त्याचा संबंध नाही. टर्मिनल बॉक्स उघडण्याआधी तोही बंद करून त्याला वेगळं कुलूप लावा.