स्थलांतराच्या उत्तरांत या चुका टाळा

स्थलांतराचा प्रश्न आला की तपासण्याआधीच पहिली ओळ मला पाठ असते: ‘लोक नोकरीसाठी खेड्यातून शहरात जातात.’ गाइडमधलं वाक्य. खोटं नाही, पण पोरांचा विचार तिथेच थांबतो.

2011 च्या जनगणनेत शेवटच्या वास्तव्याच्या ठिकाणावरून, म्हणजे माणूस याआधी कुठे राहत होता त्यावरून, सुमारे 45 कोटी स्थलांतरित मोजले गेले. त्यांत दोन-तृतीयांशाहून अधिक महिला, आणि महिलांचं सर्वांत मोठं कारण लग्न. म्हणून देशांतर्गत सर्वांत मोठा प्रवाह गावातून गावातच जातो. वर्गातल्या बहुतेकांच्या आया सासरी आलेल्या, तरी हे कुणी लिहीत नाही! जन्मठिकाण धरलं तर आजोळी जन्मलेलं बाळही स्थलांतरित ठरतं. ‘जन्मानंतर स्थलांतर’ हे कारण जनगणनेत वेगळं नोंदतात.

दुसरी चूक कालावधीची. एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी बीड जिल्ह्यातलं एक गाव जानेवारीत पाहिलं. घरांना कुलपं, ओट्यांवर म्हातारी माणसं. निष्कर्ष तयार: ‘गाव ओस पडले, लोक शहरात स्थायिक झाले.’ कोणत्या शहरात, असं विचारलं तर गप्प. ओट्यावरच्या एखाद्या आजीशी पाच मिनिटं बोलला असता तर कळलं असतं, की माणसं ऊसतोडीला गेलीत. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की परत. हे हंगामी स्थलांतर, तेही बहुतांशी शेतातून शेतात. मे महिन्यात गेला असता तर तेच गाव भरलेलं दिसलं असतं. पण फोटो काढून संध्याकाळच्या एसटीने परतायची घाई! प्रकल्प मी परत पाठवला.

माझी सवय साधी आहे. कारणाला हात घालण्याआधी समासात लिहायचं: कुठून, कुठे, किती काळ.

बाकीच्या चुका किरकोळ, पण गुण जातात. विस्थापित आणि निर्वासित यांची गल्लत करू नका: कोयनेचे धरणग्रस्त विस्थापित. फाळणीनंतर सीमा ओलांडून आजच्या उल्हासनगरच्या छावण्यांत आलेले सिंधी निर्वासित. रॅव्हनस्टाइनचे 1885 चे स्थलांतराचे नियम घोकता, मग प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो हाच कसा गळतो? एव्हरेट ली या अभ्यासकाच्या 1966 च्या स्थलांतराच्या मांडणीत ढकलणाऱ्या आणि ओढणाऱ्या कारणांखेरीज मधले अडथळे आणि व्यक्तिगत घटकही आहेत. दोन रकाने आखून मोकळं होऊ नका. आणि निव्वळ स्थलांतर म्हणजे आलेले वजा गेलेले. उत्तर शून्य आलं म्हणून कुणी हललंच नाही, असं लिहू नका.