सोसायटीचा डांबरी रस्ता दुरुस्त करताय? खर्चाच्या हिशोबात या चुका टाळा

दिवाळी झाली की सोसायट्यांमध्ये डांबरीकरणाचा विषय निघतो. तीन कोटेशन्स येतात, कमिटी एकच आकडा बघते, 'चौरस फुटाला किती?', आणि सगळ्यात कमी दरवाल्याला काम जातं. पुढच्या जुलैत जुन्याच जागी खड्डे दिसले की ठेकेदाराच्या नावाने शंख सुरू. ठेकेदार साधू नसतो हे मान्य. पण आपण त्याच्याकडून नेमकं काय विकत घेतलं, हे कमिटीलाच सांगता येत नसेल तर भांडायचं कशावर?

दर फुटावर, माल टनावर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हॉटमिक्स प्लांटवरून, म्हणजे खडी आणि गरम डांबर मिसळणाऱ्या कारखान्यातून, माल टनाने येतो, आणि तुम्हाला तो विकला जातो चौरस फुटाने. या दोन मापांना जोडणारी गोष्ट म्हणजे थराची जाडी. कोटेशनमध्ये नेमकी तीच मोघम लिहिलेली असते.

एक उदाहरण घेऊ. 150 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद रस्ता म्हणजे 900 चौरस मीटर, साधारण 9,700 चौरस फूट. त्यावर 25 मिमीचा थर म्हणजे साडेबावीस घनमीटर माल. दाबून बसलेल्या डांबरी मालाचं वजन घनमीटरला सुमारे 2.3 टन धरलं, तर साधारण 52 टन माल लागतो. हाच थर 40 मिमीचा केला तर 83 टन. म्हणजे एकाचा दर दुसऱ्यापेक्षा दीडपट दिसला, तरी टनाच्या हिशोबात दोघे बरोबरीचे असू शकतात.

आता 'थर 25 मिमी' एवढंच लिहिलेलं कोटेशन घ्या. अंथरताना 25, की रोलर फिरल्यावर 25? सैल अंथरलेला माल रोलिंगनंतर बराच दबतो. 25 चा जेमतेम 20 उरतो. मग 52 टनांऐवजी 41 टनांत काम भागतं आणि वर मोजमाप 'कोटेशनप्रमाणे'. म्हणून 'दाबल्यानंतरची जाडी' असे शब्द कागदावर हवेतच. शिवाय प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती साइटवर घ्या आणि टनांची बेरीज जाडीशी ताडून बघा. मला विचाराल तर एवढी एकच अट घातली तरी फुगवलेली आणि पाडलेली, दोन्ही प्रकारची कोटेशन्स आपोआप सरळ होतात.

जुना रस्ता उंचसखल असेल तर लेव्हल करायला जादा माल लागतो, तो वेगळा. याच रस्त्यावर सरासरी 10 मिमीची भर घालायची म्हटली तरी 20 टन वाढतात. ज्या कोटेशनमध्ये लेव्हलिंगची ओळच नाही, तिथे एकतर जादा बिल येणार किंवा रस्ता लाटालाटांचा राहणार.

तळ न तपासता वरचं कार्पेट (डांबराचा नवा थर)

वरून सगळे तडे सारखेच दिसतात, खर्च मात्र सारखा नसतो. नुसती वरची खडी सुटत असेल, पृष्ठभाग खरखरीत झाला असेल किंवा एकटदुकट सरळ चिरा असतील, तर काम स्वस्तात होतं: चिरा इमल्शनने (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) किंवा गरम डांबराने भरा, गरजेप्रमाणे सील कोट, म्हणजे पृष्ठभाग बंद करणारा पातळ लेप, द्या. पण मगरीच्या पाठीसारखं तड्यांचं जाळं दिसलं, त्यातून गाडी गेल्यावर जागा किंचित हलली किंवा पाऊस थांबल्यावर भेगांतून मातकट पाणी वर आलं, तर दोष डांबरात नाही. खालचा थर गेलेला आहे. त्यावर 25 मिमी घाला नाहीतर 40. तडे एखाद-दोन पावसाळ्यांत वर येतातच.

तपासणी अवघड नाही. सगळ्यात वाईट दिसणाऱ्या जागी आणि एका चांगल्या जागी फूटभर लांबी-रुंदीचा खड्डा पहारीने खणून घ्या. कडेला डांबराचे थर मोजता येतात; कितीदा वरून लिंपलंय तेही कळतं. खाली खडी-मुरूम घट्ट आणि कोरडा असेल, पहार टणकन आवाज करत असेल, तर ठीक. मुरूम मुठीत घेतल्यावर हाताला चिखल लागला किंवा खडीच्या फटींत काळी माती चढलेली दिसली, तर तो भाग उकरावाच लागेल. काळ्या मातीवरच्या सोसायट्यांत हे हमखास सापडतं, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.

उकरण्याचा खर्च लोक धरतच नाहीत. आपल्या उदाहरणातल्या रस्त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे 90 चौरस मीटर, फूटभर उकरायचा म्हटला तर 27 घनमीटर माल बाहेर काढायचा, उचलून न्यायचा आणि तेवढाच नवा भरून दाबायचा. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) साडेनऊ, पण दाबाई धरली तर बारा ब्रासच्या आसपास मागवावा लागतो. हे काम वेगळी बाब म्हणून ब्रासने किंवा घनमीटरने कोटेशनमध्ये आलं पाहिजे, प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे. 'आवश्यक तिथे दुरुस्ती करून' या गोड वाक्याची किंमत शेवटच्या बिलात कळते.

पाण्याचं सोडून सगळं

डांबराचा खरा शत्रू साचलेलं पाणी. ते भेगेतून आत शिरतं, चाकांच्या दाबाखाली खडीवरचा डांबराचा लेप सोडवतं आणि खालचा मुरूम मऊ करतं. डांबरी रस्त्याला मधून कडेकडे 2 ते 2.5 टक्के उतार लागतो. 6 मीटर रुंद रस्त्यात मध्य कडेपेक्षा 60 ते 75 मिमी उंच हवा. सोसायट्यांत हा उतार क्वचितच सापडतो. उलट बागेचा पाइप, टाकीचा ओव्हरफ्लो, गाड्या धुण्याचं पाणी, सगळं रस्त्यावरच. पैसे मर्यादित असतील तर माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण रस्त्याचं कार्पेट या वर्षी करू नका. आधी गटाराची जाळी, पाण्याचा उतार आणि गळकी पाइपलाइन यांवर खर्च करा, मोजके पॅच मारा, बाकी पुढच्या वर्षी.

पार्किंगमध्ये गळणारं ऑइल-डिझेलही डांबर विरघळवतं. तिथे पुन्हापुन्हा डांबर ओतण्यापेक्षा पेव्हर ब्लॉक बरे.

थरावर थर चढवत जाणं

जुनं न काढता वर नवं टाकणं स्वस्त दिसतं. तिसऱ्या वेळेपर्यंत रस्ता पार्किंगच्या फरशीपेक्षा उंच होतो आणि पावसाचं पाणी लिफ्टच्या खड्ड्याकडे धावतं. ड्रेनेजची चेंबरं खाली गेलेली असतात, त्यांच्यावर गाड्या आदळतात आणि नेमकी तिथूनच मोडतोड सुरू होते. चेंबर उचलणे, कडेला जुना थर खरवडून घेणे, निघालेला मलबा उचलणे या ओळी कोटेशनमध्ये आहेत का ते बघा. नसतील तर तो 'स्वस्त' दर अपुरा आहे.

खड्डा म्हणजे नुसती भरणी नाही

खड्ड्यात डंपरमधून माल टाकून फावड्याने थोपटला की काम झालं असं समजू नका. कडा उभ्या आणि चौकोनी कापायच्या, घट्ट तळ लागेपर्यंत सैल माल काढायचा, धूळ झाडायची, तळाला आणि बाजूंना इमल्शनचा टॅक कोट (जुन्या-नव्याला चिकटवणारा पातळ लेप) मारायचा, मगच माल भरून रोलर किंवा कॉम्पॅक्टरने दाबायचा. जुन्या डांबरावर टॅक कोट चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास लागतो. खर्चात तो किरकोळ, म्हणूनच आधी तोच गाळला जातो. झाडू न मारलेल्या रस्त्यावर माल पडताना दिसला तर काम थांबवा.

मालाच्या तापमानाचंही तसंच. व्हीजी-30 या ग्रेडच्या डांबराचा माल अंथरताना 140 अंशांच्या आसपास असावा आणि रोलिंग 90 अंशांच्या आत यायच्या आधी संपावं. प्लांट लांब, वाटेत ट्रॅफिक, वर ताडपत्री नाही, तर माल साइटवर येईपर्यंत निवतो आणि पुढे कितीही रोलर फिरवा, दबत नाही. थर्मामीटर ठेकेदाराकडे मागा. भर पावसाळ्यात फक्त तात्पुरते पॅच करा, तेही पिशवीतल्या कोल्ड मिक्सने (गरम न करता वापरायचा तयार डांबरी माल). कायमचं काम पाऊस गेल्यावर.

चार खड्ड्यांसाठी दोन टन माल मागवला की टनाचा दर भलताच लागतो. ठेकेदार लुटतोच असं नाही. गाडी, रोलर आणि माणसं यांचा दिवसाचा खर्च दोन टनांना तेवढाच आणि वीस टनांनाही. शेजारच्या एक-दोन सोसायट्यांना सोबत घ्या, फरक लगेच दिसतो.

कोटेशनची तारीख आणि कर

डांबर रिफायनरीतून येतं, त्यामुळे त्याचा दर कच्च्या तेलाबरोबर हलतो आणि तेल कंपन्या तो दर पंधरवड्याला बदलतात. ऑक्टोबरचं कोटेशन जानेवारीत चालत नाही. मात्र दरवाढीचं कारण सांगून कोणी वाटेल तेवढं वाढवू लागला तर गणित मांडा. 52 टन मालात 5 टक्के धरलं तर डांबर फक्त 2.6 टन. समजा टनाला 4,000 रुपये वाढले, तर तुमचा खर्च 10,400 रुपयांनी वाढेल, लाखाने नाही. जीएसटी 18 टक्के आहे; दर करासह की कर वगळून, हे पहिल्याच फोनवर विचारा. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची ताडून पाहायला उपयोगी पडते, पण ती मोठ्या कामांसाठी बेतलेली असते. तुमच्या छोट्या कामाचा दर त्यापेक्षा वर गेला तर लगेच संशय घेऊ नका.

हमी तोंडी

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची गोष्ट सगळे सांगतात. 1976 मध्ये तो तयार झाला तेव्हा कंपनीने 10 वर्षांची हमी लिहून दिली होती. सोसायटीच्या कामाला तेवढी कोणी देणार नाही, पण किमान एक पूर्ण पावसाळा तरी लेखी घ्या आणि बिलाचे 5 ते 10 टक्के तोवर राखून ठेवा. रक्कम कधी सुटणार तेही वर्क ऑर्डरमध्ये लिहा, म्हणजे ठेकेदार आधीच दर फुगवणार नाही. ऑक्टोबरमध्ये दोघांनी मिळून रस्ता पाहायचा, बसलेल्या जागांना खडूने चौकोन काढायचे, ते त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायचे आणि त्याच दिवशी चेक द्यायचा.