एसपीएन 111: कूलंट कमीचा कोड आला की आधी काय बघायचं

ट्रक-बसच्या कामाला नवीन लागलात की एसपीएन 111 लवकरच भेटतो. एसपीएन म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे ते सांगणारा नंबर. जे-1939 मध्ये, म्हणजे जड गाड्यांच्या कोडच्या स्टँडर्डमध्ये, 111 म्हणजे कूलंटची पातळी. कारमध्ये याच अर्थाचा पी-2560 येतो. खरी मेख मागच्या एफएमआय आकड्यात असते, दोष कुठल्या प्रकारचा ते तो सांगतो. 1, 17 किंवा 18 असेल तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) पातळी कमी दिसतेय. 3 म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज जास्त, 4 म्हणजे कमी. तेव्हा वायरिंग धरायचं. तरी टाकीत आधी डोकवा, फुकटचं काम आहे.

गाडी सपाटीला आणि इंजिन थंड हवं. सिस्टिममध्ये 1 बारच्या आसपास दाब असतो. गरम इंजिनचं झाकण उघडलं की कूलंट उसळून अंगावर येतं. कोड फक्त घाटात, वळणावर येऊन जात असेल, तर पातळी बहुधा टाकीवरच्या मिन खुणेच्या आसपास रेंगाळतेय.

पातळी खरंच कमी असेल तर कुठे गेलं ते शोधा. प्रेशर टेस्टर लावून झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच दाब भरा, जास्त नाही, आणि 15 मिनिटं काटा बघा. वॉटर बॉडीच्या (वॉटर पंपाच्या) बारीक भोकाखाली वाळलेला पांढरट-गुलाबी थर दिसला तर सील गेलंय. होजच्या काही क्लिपा थंड असतानाच गळतात, म्हणून ही टेस्ट सकाळीच बरी. काटा उतरतोय आणि बाहेर थेंबही नाही, तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर थंड करणारा), ऑइल कूलर किंवा हेड गॅसकेटचा संशय घ्या. झाकणही तपासा, ते दाब धरत नसेल तर कूलंट ओव्हरफ्लोतून निघून जातं.

पातळी बरोबर असूनही कोड येतोय? सेन्सर मागवण्याआधी त्याचं कपलर (वायरींचा जोड) काढा. पिनांवर हिरवट गंज किंवा ओल दिसली, तर कूलंट सेन्सरमधूनच झिरपत असू शकतं, तसं असेल तर नुसतं कपलर पुसून भागणार नाही. फ्लोटवाला स्विच असेल तर मल्टीमीटर लावून फ्लोट वर-खाली करा, कंटिन्युइटी बदललीच पाहिजे. पातळी कमी झाल्यावर तो उघडतो की जोडला जातो, हे गाडीगणिक वेगळं, डायग्राम बघा. उघडणारा असेल आणि आत रेझिस्टर नसेल, तर तुटलेली वायर आणि रिकामी टाकी ईसीयूला सारखीच दिसते. म्हणजे एफएमआय 1 असूनही दोष वायरिंगचा निघू शकतो. तीन वायरींच्या सेन्सरला इग्निशन ऑन करून सप्लाय मोजा, बहुतेकदा 5 व्होल्ट असतो.

फ्लोट अडकण्याचं एक कारण म्हणजे वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र होऊन झालेला चिकट गाळ. रंग सारखा म्हणून कूलंट सारखं, असं नसतं.

"जंपर मारून द्या, लाइट नको," असं ड्रायव्हर म्हणेल, म्हणजे वायर जोडून सेन्सरला बगल द्या. देऊ नका. कूलंट उतरलं की टेंपरेचर सेन्सर हवेत लटकतो, मग इंजिन तापत असतानाही काटा खाली राहू शकतो.

भरताना कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. प्रीमिक्समध्ये (आधीच पाणी मिसळलेल्या कूलंटमध्ये) पाणी घालायचं नाही, आणि बोअरचं तर कशातच नाही, क्षार बसतात. एअर काढा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा. अडकलेली हवा निघाली की पातळी पुन्हा उतरते, म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर परत बघा. हे न केल्यामुळेच पुष्कळ गाड्या दुसऱ्या दिवशी तोच कोड घेऊन दारात उभ्या असतात.