लेबर रूममधल्या या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आतल्या पाड्यांवरून निघालेली बाई लेबर रूमच्या टेबलावर पोचते तेव्हा तिला कळा येऊन बरेचदा कित्येक तास उलटलेले असतात. बाहेर सासू दार ठोठावत असते, आत एकच सिस्टर असते, आणि सगळं लवकर उरकायची घाई सुरू होते. खालच्या बहुतेक चुका याच घाईत होतात. औषध संपलं म्हणून होणाऱ्या चुका त्या मानाने थोड्या.

पार्टोग्राफ मागाहून भरणे

पार्टोग्राफ म्हणजे बाळंतपणाची प्रगती वेळेप्रमाणे नोंदायचा तक्ता. बाळंतपण झाल्यावर ठिपके जोडले की रेघ नेहमी छान सरळ येते! अशा कागदाचा बाईला काडीचा उपयोग नाही. गर्भपिशवीचं तोंड 4 सेंटिमीटर उघडलं आणि कळा नियमित असल्या की पहिली खूण करा. बाळाचे ठोके, कळा आणि आईची नाडी दर अर्ध्या तासाला बघा, बीपी आणि आतली तपासणी दर 4 तासांनी. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा नवा तक्ता 5 सेंटिमीटरपासून सुरू होतो. तुमच्या केंद्रात जो आहे तोच वापरा, दोन्हींची सरमिसळ करू नका.

4 सेंटिमीटरच्या तक्त्यावर अलर्ट रेघ (प्रगती मंदावल्याचा इशारा) आणि अॅक्शन रेघ (आता उपाय हवाच) यांच्यात 4 तासांचं अंतर असतं. ते गाडीसाठी आहे, ‘बघू अजून थोडं’ म्हणत काढायचं नाही. पेठहून सावळघाट ओलांडून नाशिकला यायचं तर 108 च्या रुग्णवाहिकेला फोन अलर्ट रेघ ओलांडतानाच गेला पाहिजे. आणि चिठ्ठीवर नुसतं ‘पुढील उपचारासाठी’ लिहून पाठवू नका. शेवटची तपासणी कधी झाली, तोंड किती उघडलं होतं, पाणमोट कधी फुटली, बीपी किती, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, एवढं तरी लिहा.

ठोके ऐकण्यात

15 सेकंद मोजून चाराने गुणलं की कळेनंतर मंदावलेले ठोके नेमके निसटतात. कळ ओसरताच पूर्ण 1 मिनिट मोजा आणि दुसऱ्या हाताने आईची नाडी धरा. डॉपलर (ठोके ऐकायचं यंत्र) कधीकधी आईचेच ठोके ऐकवतो. 110 ते 160 च्या बाहेर गेले तर आईला डाव्या कुशीवर वळवा, ऑक्सिटोसिनचं (कळा वाढवणाऱ्या औषधाचं) सलाईन चालू असेल तर बंद करा, नाळ खाली आली नाही ना ते पाहा आणि डॉक्टरांना बोलवा. पाणमोट फुटल्या क्षणी ठोके पुन्हा ऐकायचे, पाण्याचा रंगही बघायचा. डोकं खाली उतरून बाई जोर लावायला लागली की दर 5 मिनिटांनी ऐका.

जोर लाव, जोर लाव

तोंड पूर्ण 10 सेंटिमीटर उघडण्याआधी जोर लावायला लावला की पिशवीचं तोंड सुजतं, बाई दमते आणि खरी गरज पडते तेव्हा तिच्यात त्राण उरत नाही. पोटावर कोपराने दाब देणं तर साफ बंदच करा. त्यात पिशवी फाटू शकते, आईच्या बरगड्या मोडू शकतात. प्रत्येकीला टाके पडलेच पाहिजेत असाही नियम नाही. डोकं बाहेर येताना एका हाताने ते सावकाश येऊ द्या, दुसऱ्या हाताने खालचा भाग आधारून धरा.

ऑक्सिटोसिन: कधी, कुठे, किती

बाळ पोटात असताना कळा वाढवायला ऑक्सिटोसिन स्नायूत किंवा एकदम शिरेत देणं ही या खोलीतली सगळ्यात महागात पडणारी चूक. एकदा दिलेला डोस मागे घेता येत नाही. कळा एकावर एक आल्या की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि आधी सिझेरियन झालेलं असेल तर पिशवी फाटण्याचा धोका आणखी वाढतो. कळा वाढवायच्या असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून सोडलेल्या सलाईनमधूनच, आणि सिझेरियनची सोय असलेल्या ठिकाणीच.

बाळ आल्यावर मात्र उशीर करू नका. पोटावर हात ठेवून आत दुसरं बाळ नाही ना पाहा आणि 1 मिनिटाच्या आत 10 युनिट स्नायूत द्या. अँप्यूल 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सकाळी काढून ट्रेमध्ये ठेवलेलं अँप्यूल रात्री वापरलं की ‘इंजेक्शन देऊनही पिशवी आवळत नाही’ अशी तक्रार येते.

नाळेला चिमटा 1 ते 3 मिनिटांनी लावा. वार ओढायची ती पिशवी आवळलेली असतानाच, ओटीपोटावर दुसऱ्या हाताने पिशवी वर रेटून धरून. तो आधार न देता नाळ खेचली तर पिशवी उलटी होऊन बाहेर येऊ शकते. 30 मिनिटांत वार पडली नाही तर खेचाखेच न करता पुढे पाठवा. पडली तर उलटून तिचे सगळे भाग आणि पडदा पूर्ण आहेत का बघा. तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही.

रक्तस्राव सुरू झाला तर आधी पोटावर हात ठेवा. पिशवी मऊ लागली तर चोळा, लघवीची पिशवी रिकामी करा, जाड कॅन्युला घाला, 1 लिटर रिंगर लॅक्टेटमध्ये 20 युनिट ऑक्सिटोसिन मिनिटाला 60 थेंबांनी सोडा, आणि ट्रानेक्झॅमिक अॅसिड (रक्त थांबवणारं औषध) 1 ग्रॅम शिरेतून 10 मिनिटांत द्या. ते बाळंतपणानंतरच्या 3 तासांतच द्यायचं असतं. बीपी जास्त असलेल्या बाईला मेथर्जिन (पिशवी आवळणारं दुसरं औषध) देऊ नका. पिशवी दगडासारखी घट्ट आहे आणि तरी रक्त वाहतंय, तर पिशवी चोळत बसू नका. कुठेतरी फाटलंय, ते शोधा.

झटके

बीपी वाढून बाईला झटके आले तर केंद्रातला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस 10 ग्रॅम: प्रत्येक कुल्ल्यात 5 ग्रॅम, खोल स्नायूत. 50 टक्क्यांचं 2 मिलीचं अँप्यूल म्हणजे 1 ग्रॅम, म्हणून दोन्हीकडे पाच-पाच. 25 टक्क्यांचं अँप्यूल हाती आलं तर हिशेब चुकतो, म्हणून लेबल वाचा. पुढचा डोस देण्याआधी श्वास मिनिटाला 16 च्या वर आहे, गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो आणि लघवी ताशी 30 मिली होते हे पाहा. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट 1 ग्रॅम हाताशी असू द्या.

बाळाचं पहिलं मिनिट

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा किती खाली जातो हे इथल्या माणसाला सांगायला नको. पंखा सगळ्यांसाठी चालू असलेली खोली बाळासाठी थंडच. खोली 25 ते 28 अंशांवर, वॉर्मर आधीपासून चालू, आणि गरम केलेले टॉवेल दोन. पहिल्याने पुसायचं, तो ओला झाला की टाकायचा, दुसऱ्यात गुंडाळायचं. बरेचजण ओल्यातच गुंडाळून ठेवतात.

बाळ रडत असेल तर तोंडात सक्शन घालू नका, बाळाने पोटात शी केलेलं पाणी असलं तरी. ते सरळ आईच्या छातीवर द्या. नळी खोल गेली की उलट हृदयाचे ठोके मंदावतात. रडत नसेल तर उलटं टांगणं, चापट्या मारणं, गार पाणी शिंपडणं नको. पुसा, मान किंचित मागे करा, घाण असेल तर आधी तोंड मग नाक साफ करा, पाठ चोळा. एवढं करूनही श्वास नाही? मग नाळ लगेच कापा आणि मिनिट संपायच्या आत बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) सुरू करा, मिनिटाला 40 ते 60 वेळा. छाती वर येत नसेल तर क्रमाने पाहा: मास्क गळतोय का, मान ठीक आहे का, तोंडात स्राव आहे का, तोंड थोडं उघडं आहे का, आणि शेवटी दाब वाढवा. मुदतीच्या बाळाला 1 नंबरचा मास्क, कमी दिवसांच्याला 0. बॅगचा व्हॉल्व्ह नीट बसलाय ना, हे ड्यूटी सुरू होतानाच तपासायचं असतं.

पहिल्या तासात चीक पाजायचा. मध, गुटी, गुळाचं पाणी नाही. व्हिटॅमिन के 1 मिलिग्रॅम मांडीत द्या (1000 ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर अर्धा). अंघोळ 24 तासांनंतर.

पुढचे दोन तास

पहिले 2 तास दर 15 मिनिटांनी आईची नाडी, बीपी, पिशवीचा कडकपणा आणि रक्त पाहायचं. पॅड पुढून कोरडं दिसलं म्हणून खूण करून मोकळे होऊ नका. आडवी असलेल्या बाईचं रक्त कमरेखाली चादरीवर साचतं. तिला कुशीवर वळवून खाली हात घालून बघा.