दोन वेगळ्या स्टीलचा वेल्ड आणि पीडब्ल्यूएचटी: प्रोजेक्ट घेण्याआधी हे वाचा

एम.टेकला माझा विषय होता ग्रेड २२ (कमी क्रोमियमचं, क्रोमियम-मॉलिब्डेनम स्टील) आणि ३०४ स्टेनलेसचा वेल्ड. सिनॉप्सिसमध्ये मी बिनधास्त लिहिलेलं की पीडब्ल्यूएचटी (वेल्ड झाल्यावर जॉब भट्टीत तापवून हळू थंड करणं) केल्यावर रेसिड्युअल स्ट्रेस (वेल्डनंतर धातूत अडकून राहिलेला ताण) कमी होईल, आणि मग होल ड्रिलिंगचे (बारीक भोक पाडून मोकळा झालेला ताण स्ट्रेन गेजने मोजायची पद्धत) रीडिंग आले तर ३०४ च्या बाजूला टेन्शन तसंच. वाटलं स्ट्रेन गेज नीट चिकटला नसेल, परत केलं, परत तेच!

कारण हिशोबात आहे, तो वहीवर स्वतः करून बघा. ७०० डिग्रीला स्ट्रेस खरंच उतरतो, पण जॉब थंड होताना ३०४ जास्त आकसतं आणि ग्रेड २२ कमी. दोघांच्या एक्स्पान्शनमधला फरक निदान ४ मायक्रॉन प्रति मीटर प्रति डिग्री धरा, तो गुणिले साधारण ६७५ डिग्री (७०० पासून खोलीच्या तापमानापर्यंत) म्हणजे ०.००२७ स्ट्रेन. ३०४ चा किमान यील्ड (ज्या स्ट्रेसला धातू कायमचा वाकायला लागतो) २०५ एमपीए, म्हणजे ०.००१ स्ट्रेनलाच ते यील्डला येतं. दोन्ही बाजूंनी फरक वाटून घेतला तरी स्ट्रेस परत तयार होणारच, भट्टी कितीही हळू थंड करा.

मग पीडब्ल्यूएचटी करायचंच कशाला? ग्रेड २२ चा एचएझेड (वेल्डच्या उष्णतेने बदललेला शेजारचा भाग) कडक होतो, तो टेम्पर करायला, म्हणजे तापवून त्याचा कडकपणा उतरवायला. हे कारण पक्कं डोक्यात ठेवा, व्हायवात हमखास विचारतात. पण त्याच तापमानाला कार्बन कमी क्रोमियमकडून जास्त क्रोमियमकडे सरकतो, ३०९ (स्टेनलेसचा) फिलर असेल तर फ्यूजन लाइनच्या (वेल्ड आणि ग्रेड २२ जिथे मिळतात ती रेघ) एका बाजूला मऊ पट्टा आणि दुसऱ्या बाजूला कडक पट्टा, आणि हाय टेम्परेचर सर्व्हिसमध्ये जॉइंट बहुतेक वेळा तिथेच फुटतो. म्हणून निकेल फिलर वापरतात, त्यात कार्बन फारसा सरकत नाही आणि त्याचं एक्स्पान्शनही दोघांच्या मधलं. मला सगळ्यात आवडलेला उपाय बटरिंगचा: आधी ग्रेड २२ च्या तोंडावर निकेलचे थर चढवायचे, तेवढ्यालाच पीडब्ल्यूएचटी द्यायचं, आणि मग ३०४ जोडायचं, त्यानंतर भट्टी नाही. ३०४ चं सेन्सिटायझेशनही (तापल्याने कडांना क्रोमियम कमी होऊन गंजायची भीती) वाचतं.

लॅबमधलं थोडं. होल ड्रिलिंग वरच्या एक-दोन मिलिमीटरचंच सांगतं, आतलं नाही, रिपोर्टमध्ये तसंच लिहा. मायक्रोहार्डनेसचे (बारीक ठसा उमटवून कडकपणा मोजायचे) ठसे फ्यूजन लाइनपाशी अगदी जवळजवळ घ्या, नाहीतर तो कडक पट्टा दोन ठशांच्या मधे निसटतो, माझा पहिल्यांदा निसटला होता. आणि मायक्रोस्कोपखाली बघण्याआधी एच करताना नायटलने (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड) फक्त ग्रेड २२ ची बाजू दिसते, स्टेनलेसला इलेक्ट्रोलिटिक ऑक्झॅलिक (ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये करंट देऊन एच करणं) लागतं, तेव्हा आधी नायटल, फोटो काढून घ्या, मग दुसरं.