उन्हाळ कांद्याचं वावर ठरवताना आधीचा बेवड बघा

सोयाबीन निघालं, मका सोंगून झाला की निफाड, येवला, चांदवड भागात उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, टाकायची घाई सुरू होते. बियाणं कोणतं घ्यायचं यावर पारावर तासभर चर्चा होते; वावर मात्र विहिरीच्या पाण्यावरच ठरतं. बेवड म्हणजे आधीच्या पिकाची मुळं मातीत काय ठेवून गेली, तेही आत्ताच बघा.

कांद्यावर कांदा शक्यतो टाळाच. कांद्याचं बूड सडवणारी फ्युजारियम बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. वावरात पीक बरं दिसतं आणि सड पुढे साठवणीच्या चाळीत निघते, तेव्हा हातात काहीच उरत नाही. दुसरं वावरच नसेल तर निदान चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुरवून लागवडीआधी मातीत मिसळा.

कांद्याची मुळं उथळ आणि विरळ. स्फुरद (फॉस्फरस) ओढायला त्याला मायकोरायझा या मित्रबुरशीचा मोठा आधार लागतो. मका, बाजरी, सोयाबीन यांच्या मुळांवर ती पोसली जाते. कोबी-फ्लॉवरच्या मुळांवर जवळपास नाहीच. त्यामुळे कोबीनंतर कांदा घ्यायचा असेल तर लागवडीवेळी मायकोरायझा द्या आणि डीएपी या स्फुरदाच्या खताचा मारा करू नका. स्फुरद जास्त झालं की ही बुरशी मुळांशी जोडलीच जात नाही.

टोमॅटोचा प्लॉट मोडताना वेगवेगळ्या ठिकाणची दहा-बारा झाडं मुळासकट उपटून धुऊन बघा. मुळंच जागोजागी फुगून गाठाळलेली असतील तर मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म सूत्रकृमी आहेत, आणि त्या कांद्यालाही लागतात. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींशी गल्लत नको: त्या बोटाने सहज सुटतात, फोडल्यावर आतून गुलाबी दिसतात आणि जमिनीला नत्र देतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही. अशा वावरात झेंडू घ्या, पण पूर्ण वावरात दाट, दोन-तीन महिने उभा. बांधावरच्या चार झाडांनी काही होत नाही. दसरा-दिवाळीचा झेंडू निघालेलं वावर म्हणूनच कांद्याला चांगलं.

मक्याचा बेवड जरा समजून घ्यायला हवा. मक्याची मुळं बेन्झोक्साझिनॉइड नावाची द्रव्यं सोडतात आणि मातीतले जिवाणू-बुरशी बदलतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा मातीतल्या पुढच्या मक्यावर लष्करी अळी कमी पोसली, पण त्या मक्याची वाढही कमी झाली. हे मक्यावर मक्याचं झालं. कांद्यावरचे फुलकिडे त्याने आटोक्यात येतील असं समजू नका. मक्याची धसकटं ओल असतानाच, लागवडीच्या महिनाभर आधी मातीत गाडा. उशीर केला तर ती कुजताना नत्र अडकतं आणि रोपं पिवळी पडतात.

मक्यात ॲट्राझिन हे तणनाशक मारलं असेल तर त्याचा अंश कांद्याला जाळू शकतो. त्या वावरातली माती एका ट्रेमध्ये, तणनाशक न मारलेली दुसऱ्यात भरा. दोन्हीत थोडं कांद्याचं बी टाका आणि तीन आठवडे बघा. पहिल्या ट्रेमधली रोपं शेंड्याकडून करपली किंवा खुरटली, तर कांदा दुसऱ्या वावरात लावा.