हत्तरसंग कुडलला जाताय? या चुका टाळा

भीमा आणि सीना जिथे एकमेकींना मिळतात, तिथे सोलापूरपासून साधारण 40 किलोमीटरवर हत्तरसंग कुडल आहे. पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून तिकडे नेतो. तिथे दरवेळी त्याच त्या चुका दिसतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे शिलालेखावर खडू घासणं. संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा लेख आहे. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. एकदा कॉलेजची पोरं आली होती. त्यातला एक मित्राच्या खांद्यावर चढला आणि फोटोत उठून दिसावीत म्हणून अक्षरं खडूनं गिरवायला लागला. मी ओरडून खाली उतरवलं, तोवर एका अक्षराला नसलेला काना जोडून झाला होता. उद्या येणारा तोच काना खरा धरून वाचणार! "काका, पुसून टाकतो ना," म्हणत त्यानं ओला रुमाल काढला. तोही मी खिशात ठेवायला लावला. खडू दगडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो आणि तो काढायला घासाघीस केली की अक्षरांच्या कडा झिजतात. हळद-कुंकू, पीठ, तेल, कशाचाच हात तिथे लावू नका.

मी फक्त टॉर्च नेतो. समोरून उजेड मारला तर लेख सपाट दिसतो. तुळईच्या बाजूनं, अगदी तिरपा धरला की खाचांत सावली पडते आणि अक्षर आपोआप उठतं. टॉर्च थोडा थोडा फिरवत राहायचा. डावीकडून न दिसलेली रेघ उजवीकडून दिसते. पाच मिनिटं धीर नसेल त्यानं शिलालेखाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक घाईची. सकाळी अक्कलकोट, दुपारी कुडल, संध्याकाळी पंढरपूर असा बेत आखून येतात आणि हरिहरेश्वर मंदिरातल्या बहुमुखी शिवलिंगासमोर सेल्फी काढून निघतात. एकाच शिळेवर 359 मुखं कोरलेली आहेत हो! हे हरिहरेश्वर मंदिर मातीच्या ढिगाऱ्याखालून मोकळं केलं, तेव्हा कुठे ते आपल्याला बघायला मिळतंय. मी खाली मांडी घालून बसतो, एकच ओळ धरतो आणि त्यातली मुखं एकेक करून बघतो. कुडलला अख्खी सकाळ द्या, अक्कलकोट दुसऱ्या दिवशी करा.

एप्रिल-मेमध्ये दुपारी जाऊ नका. पारा 40 च्या वर असतो आणि अनवाणी पायाला दगड सोसत नाही. जायचंच झालं तर जाड सुती मोजे घाला. पाणी आणि डबा घरूनच न्या.

सोलापुरातल्या सिद्धेश्वर मंदिराची बांधणी निवांत बघायची असेल तर संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, येऊ नका. मिरवणुकीतले उंच नंदीध्वज बघायचे असतील तर मात्र तेव्हाच या.

आणि संगमावर पोरांना पाण्यात सोडू नका. आभाळ कोरडं असलं तरी उजनी धरणातून भीमेत पाणी सोडलं की पात्र चढतं. किती खोल आहे आणि वर पाणी सोडलंय का, हे काठावरच्या गावकऱ्याला विचारा. तो नको म्हणाला तर काठावरूनच हात जोडा.